तेलाची ऊब, सरपणाची ऊब

चुलीकडून गॅसकडे जाणे म्हणजे प्रगती, हे समीकरण आपल्याकडे मनात पक्के बसले आहे. स्वयंपाकघरातील धूर गेला, सरपणासाठीची पायपीट गेली आणि न्हाणीघरातील तांब्याचा बंब अडगळीत जाऊन पडला, याचा खेद करण्याचे कारणही नाही. त्यामुळे जगातील सर्वांत संपन्न देशातील लक्षावधी कुटुंबे आजही घर उबदार ठेवण्यासाठी लाकडे फोडतात, रचतात, वाळवतात आणि जाळतात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की, यांपैकी बरीच कुटुंबे तेलाकडून लाकडाकडे आपखुशीने वळलेली आहेत. हा मागे जाण्याचा प्रवास आहे की पुढे जाण्याचा? या प्रश्नाचे उत्तर लाकडात नाही. ते लाकूड किती वाळले आहे, कशात जाळले जाते, कुठून आले आहे आणि त्याचा धूर कोणाच्या श्वासात जातो, या चार गोष्टींत आहे.

या प्रश्नाची खरी भूमी म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा. मेन, वरमाँट आणि न्यू हॅम्पशर ही तेथील तीन राज्ये. ऑक्टोबर ते एप्रिल असा प्रदीर्घ हिवाळा, उत्तरेकडील भागात रात्रीचे तापमान उणे वीस अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरणारे, विरळ वस्ती आणि दूरदूर पसरलेली खेडी. अशा ठिकाणी नैसर्गिक वायूच्या नळवाहिन्या नेणे परवडत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथील घरे तेलावर तापू लागली. तळघरात साधारणतः २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे हजार लिटरची लोखंडी टाकी असते. टँकर येतो, टाकी भरून जातो आणि डिझेलशी जवळचे नाते असलेले ते तेल भट्टीत जळून घरभर गरम पाणी किंवा गरम हवा खेळवते. बोस्टनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही टँकरची ही फेरी अपरिचित नाही. मेनमध्ये आजही जवळपास निम्मी घरे मुख्यतः तेलावर तापतात; हे प्रमाण देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे.

तेलाने दिलेला पहिला धक्का

लाकूड या प्रदेशाला नवे नाही. वसाहतींच्या काळात येथील प्रत्येक घर लाकडावरच तापत असे. उघड्या शेकोटीतून बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाते, हे ओळखून बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली आपल्या सुधारित लोखंडी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. संपूर्ण अमेरिकेचा विचार केला तर १८८५ च्या सुमारास कोळशाने लाकडाला इंधन म्हणून मागे टाकले आणि पुढे तेल आणि वायू आले. लाकूड आता इतिहासजमा होणार, असेच सर्वांना वाटत होते.

चक्र उलटे फिरले ते १९७३ च्या ऑक्टोबरात. अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेवर तेलबंदी घातली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून जवळपास बारा डॉलरवर गेला. ज्यांचे घर तेलावर तापते, त्यांच्यासाठी ही बातमी वृत्तपत्रापुरती राहिली नाही. ती तळघरातील टाकीपर्यंत आली. १९७५ साली वरमाँटमधील रँडॉल्फ या गावी ओतीव लोखंडाच्या शेगड्या बनविणारी ‘वरमाँट कास्टिंग्ज’ ही कंपनी उभी राहिली, ती याच लाटेवर. तेव्हापासून एक नियमच होऊन बसला आहे. तेल भडकले की शेगड्यांची आणि जळाऊ लाकडाची मागणी वाढते आणि तेल उतरले की ती ओसरते. २००८ साली हेच घडले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर न्यू इंग्लंडमध्ये तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले, तेव्हाही हेच घडले.

हिशेब कॉर्डचा

या व्यवहाराचे मोजमाप समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळते. तेथे ते ‘कॉर्ड’ या मापाने विकले जाते. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट, ही एक कॉर्ड. लाकडांमधील मोकळी जागा वजा केली तर त्यात प्रत्यक्ष लाकूड ऐंशी-पंचाऐंशी घनफूट भरते. मेपल किंवा ओक यांसारख्या कठीण लाकडाची एक वाळलेली कॉर्ड चांगल्या शेगडीत जाळली, तर तिच्यापासून घराला मिळणारी ऊब सुमारे १४० गॅलन तेलाइतकी असते. शेगडी आणि तेलाची भट्टी या दोहोंत वाया जाणारी उष्णता वजा करून काढलेला हा ढोबळ आकडा आहे.

आता हिवाळाभरात ८०० गॅलन तेल जाळणारे एक घर उदाहरणादाखल घेऊ. त्याला लाकडावर जायचे तर पावणेसहा कॉर्ड लागतील. कॉर्डचा भाव ३५० डॉलर धरला तर लाकडाचा खर्च दोन हजार डॉलर होतो. तेल गॅलनला चार डॉलर असेल तर त्याचा खर्च ३,२०० डॉलर. म्हणजे वर्षाकाठी बाराशे डॉलरची बचत. तेल पाच डॉलरवर गेले तर बचत दोन हजारांवर जाते. परंतु तेल अडीच डॉलरवर उतरले की बचत शून्य होते आणि मागे उरतात ते केवळ कष्ट. शेगडी आणि योग्य धुराडे बसविण्यास काही हजार डॉलर लागतात, तेही या हिशेबात धरावे लागतात. ज्यांच्याकडे स्वतःचे रान आहे आणि अंगात बळ आहे, त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

कष्टांचेही गणित मांडायला हवे. पावणेसहा कॉर्ड वाळलेले लाकूड म्हणजे नऊ-दहा टन वजन. ते तोडणे, फोडणे, रचणे, घरात आणणे आणि शेवटी राख काढणे यांत प्रत्येक ढलपी पाच-सहा वेळा हाताळली जाते. तेलाची भट्टी भिंतीवरील एका कळीवर चालते. शेगडीला दिवसातून अनेकदा माणूस लागतो. वृद्ध, आजारी किंवा दिवसभर कामासाठी बाहेर असणाऱ्यांना ही ऊब परवडत नाही, मग तिचा भाव कितीही कमी असो. याच जाणिवेतून न्यू इंग्लंडमधील अनेक गावांत ‘वुड बँक’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. गावकरी वादळात पडलेली झाडे आणि दान मिळालेले ओंडके एकत्र करतात, फोडून वाळवतात आणि गरजू कुटुंबांना विनामूल्य देतात.

ओले आणि सुके

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेगडीत मात्र ओले लाकूड सुक्याची उष्णता खाऊन टाकते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात बहुधा निम्म्याच्या आसपास पाणी असते. त्या पाण्याची वाफ करण्यातच लाकडातील सुमारे सातवा हिस्सा ऊर्जा खर्ची पडते. पण खरा तोटा याहून मोठा आहे आणि तो समजण्यासाठी लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागेल.

लाकूड थेट पेटत नाही. आधी त्यातील पाणी उडते. तापमान अडीचशे अंशांच्या पुढे गेले की लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही या वायूंची असते. वायू निघून गेल्यावर उरतो तो निखारा. लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा या वायूंत असते आणि ते पूर्ण जळण्यासाठी सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा लागते. ओले लाकूड भट्टीचे तापमान चढूच देत नाही. मग हे वायू न जळताच वर जातात. त्यांचाच धूर होतो आणि धुराड्याच्या थंड भिंतींवर डांबरासारखा चिकट थर होऊन तेच साचतात. या थराला तेथे ‘क्रिओसोट’ म्हणतात. तो ज्वालाग्राही असतो. एखाद्या रात्री तो पेटला तर धुराड्यातील तापमान हजार अंशांवर जाऊ शकते आणि घराला आग लागते. म्हणूनच धुराड्याची वर्षातून एकदा तपासणी आणि आवश्यक तेव्हा सफाई करून घ्यावी, असे तेथील अग्निसुरक्षेचे मानक सांगते.

थोडक्यात, धूर म्हणजे न जळलेले इंधन. ज्याच्या धुराड्यातून काळा-करडा धूर निघतो, तो आपले पैसे आकाशात सोडत असतो आणि वर शेजाऱ्यालाही त्रास देत असतो. यावर उपाय साधा, पण धीराचा. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या खाली आणावी लागते. त्यासाठी ते फोडून, जमिनीपासून उंच रचून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे ठेवून वारा लागू द्यावा लागतो. ॲश नावाच्या झाडाचे लाकूड वर्षभरात वाळते. ओकला दोन वर्षे लागू शकतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल मोजणारे छोटे यंत्रही स्वस्तात मिळते. तेल भडकल्यावर घाईघाईने लाकडावर जाणारे नेमके येथेच फसतात. सप्टेंबरात मागणी करून आलेले लाकूड डिसेंबरात वाळलेले नसते. पुढच्या हिवाळ्याचे सरपण आदल्या वर्षीच रचलेले असावे, हा तेथील जुन्या माणसांचा शिरस्ता याच अनुभवातून आला आहे.

शेगडीत झालेला बदल

उघडी शेकोटी दिसायला सुंदर असते; परंतु ती लाकडातील जेमतेम दहा टक्के उष्णता खोलीला देते आणि खोलीतील तापलेली हवाच धुराड्यातून बाहेर खेचते. १९७० च्या दशकातील बंद लोखंडी शेगड्यांनी ही गळती थांबवली, पण नवा दोष आणला. रात्रभर आग टिकावी म्हणून लोक हवेची झडप बंद करून लाकूड धुमसत ठेवू लागले. धुमसणारे लाकूड म्हणजे धुराचे कोठारच. गावागावांवर धुराचे आच्छादन पसरू लागले, तेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ साली शेगड्यांसाठी पहिले राष्ट्रीय निकष जारी केले. त्यानुसार साध्या शेगडीला तासाला कमाल ७.५ ग्रॅम धूलिकण सोडण्याची मुभा होती. २०१५ साली हे नियम कडक झाले आणि २०२० पासून नव्या शेगड्यांसाठी ही मर्यादा दोन ग्रॅमवर, तर कॉर्डमधील फोडीव लाकडावर चाचणी झालेल्या शेगड्यांसाठी अडीच ग्रॅमवर आली.

हे साधले कसे? एका प्रकारच्या शेगडीत भट्टीच्या वरच्या भागात छिद्रे असलेल्या नळ्या असतात. त्यांतून आधीच तापलेली हवा आत येते आणि निसटू पाहणारे वायू तेथेच पेटतात. दुसऱ्या प्रकारात मधाच्या पोळ्यासारखी, प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमचा लेप दिलेली जाळी असते. तिच्यामुळे धूर बऱ्याच कमी तापमानाला जळतो. तिसरा पर्याय ‘पेलेट’चा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पिशव्यांतून मिळतात. त्यांत ओल दहा टक्क्यांहूनही कमी असते आणि त्या यंत्राने आपोआप भट्टीत सरकवल्या जातात. धूर कमी, कष्ट कमी. मात्र पेलेटच्या शेगडीला वीज लागते.

ही अट क्षुल्लक नाही. १९९८ च्या जानेवारीत पूर्व कॅनडा आणि ईशान्य अमेरिकेत हिमवर्षेचे भीषण वादळ झाले. गोठणाऱ्या पावसाने विजेच्या तारांवर बर्फाचे जाड थर चढले, खांब कोसळले आणि मेनमधील सुमारे निम्मी लोकसंख्या अंधारात गेली. काहींची वीज येण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. तेलाच्या टाक्या भरलेल्या होत्या, पण भट्टीचा ज्वालक आणि पंप विजेवर चालणारे. तेल असूनही घर थंड. ज्यांच्याकडे साधी लाकडाची शेगडी होती, त्यांचे घर मात्र उबदार राहिले. हवामानाचे असे आघात वाढत असताना, विजेशिवाय चालणाऱ्या उबेचे हे मोल केवळ पैशांत मोजता येत नाही.

धुराचे धनी कोण?

एवढे असूनही लाकडाची बाजू निर्दोष नाही. सर्वोत्तम शेगडीदेखील तेलाच्या किंवा वायूच्या भट्टीपेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म धूलिकण सोडते. अडीच मायक्रॉनहून लहान असलेले हे कण फुप्फुसांत खोल शिरतात आणि दमा, हृदयविकार यांना निमंत्रण देतात. प्रश्न केवळ शेगडीचा नसतो, भूगोलाचाही असतो. हिवाळ्यातील निवांत रात्री दरीत थंड हवा खाली साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. मग धूर वर जाऊच शकत नाही. न्यू हॅम्पशरमधील कीन हे दरीत वसलेले शहर आणि अलास्कातील फेअरबँक्स यांना याचा अनुभव वारंवार आला आहे. माँटॅनातील लिबी या छोट्या गावात २००५ ते २००७ या काळात हजाराहून अधिक जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या, तेव्हा हिवाळ्यातील धूलिकणांचे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक घटले. जुनी शेगडी काढणे हा निव्वळ खासगी निर्णय नसून सार्वजनिक आरोग्याचे काम आहे, हे लिबीने दाखवून दिले.

येथे आपल्याकडील चुलीशी तुलना करण्याचा मोह होतो. ती जपूनच करावी. न्यू इंग्लंडमधील शेगडीचा धूर धुराड्यातून घराबाहेर जातो. आपल्या चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात ३२ लाख लोकांचा बळी गेला. त्यामुळे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमागील विचार आणि वरमाँटमधील लाकडाची शेगडी यांत विरोध नाही. इंधन एकच असले तरी धुराची वाट वेगळी आहे आणि निवडीचे स्वातंत्र्यही वेगळे आहे.

जंगलाचे काय?

लाकूड पुन्हा उगवते, म्हणून ते पर्यावरणाला निरुपद्रवी, असा दावा सर्रास केला जातो. तो अर्धाच खरा आहे. तितक्याच उष्णतेसाठी लाकडाच्या धुराड्यातून तेलापेक्षा सुमारे दीडपट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नवी झाडे तो शोषून घेतात, पण त्याला वर्षे लागतात. मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी मॅनोमेट या संस्थेने २०१० साली केलेल्या अभ्यासाने हा ‘कार्बनचा उधार’ मोजला. तेलाऐवजी लाकूड उष्णतेसाठी वापरले तर हा उधार पाच वर्षांच्या आसपास फिटतो. कोळशाच्या विजेऐवजी लाकडाची वीज केली तर वीसेक वर्षे लागतात आणि नैसर्गिक वायूच्या विजेऐवजी केली तर नव्वदहून अधिक. म्हणजे लाकूड जाळून वीज निर्माण करण्यापेक्षा घर तापविणे कितीतरी शहाणपणाचे. अर्थात, यासाठी जंगल जंगलच राहिले पाहिजे, ही अट आहेच.

मेनच्या भूभागापैकी जवळपास नव्वद टक्के भागावर जंगल आहे. वरमाँटमध्ये एकोणिसाव्या शतकात मेंढीपालनासाठी डोंगर बोडके झाले होते. आज त्याच राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा झाडांखाली आला आहे. जंगलाची निगा राखताना वाकडी, रोगट, दाटीत वाढलेली झाडे काढावी लागतात. पूर्वी ती कागद गिरण्या घेत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर जळाऊ लाकडाचा बाजार हाच त्यांचा मोठा आधार उरला. मात्र हे लाकूड दूर नेण्यात धोका असतो. ॲशची झाडे पोखरून मारणारा, २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम आढळलेला हिरवा भुंगा सरपणासोबत राज्याराज्यांत पोहोचला आणि २०१८ मध्ये मेनमध्ये सापडला. जिथले लाकूड तिथेच जाळा, असा प्रचार म्हणूनच तेथे सतत केला जातो.

तिसरी वाट

अलीकडे या जुन्या वादात तिसरा पक्ष उतरला आहे. बाहेरच्या थंड हवेतील उष्णता खेचून घरात आणणारा ‘हीट पंप’, म्हणजे आपल्या वातानुकूलन यंत्राचाच उलटा अवतार. मेनने २०२५ पर्यंत असे एक लाख पंप बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते २०२३ मध्येच पूर्ण झाले. त्याने लाकडाची जागा संपवली असे नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस पंप चालवायचा आणि कडाक्याच्या थंडीत किंवा वीज गेली असता शेगडी पेटवायची, अशी जोडी जमवणे अनेक घरांना शक्य आहे. पावणेसहा कॉर्डऐवजी दीड-दोन कॉर्ड पुरली तर कष्टही कमी, धूरही कमी आणि जंगलावरील भारही कमी.

तेल सोडून लाकडाकडे वळणे हा मागासपणा नाही आणि तो निसर्गाकडे परतण्याचा रम्य सोहळाही नाही. तो एक व्यवहार आहे. त्यात पैसा वाचतो, पण वेळ आणि अंगमेहनत द्यावी लागते. दूरदेशीच्या युद्धावर हेलकावणाऱ्या भावापासून सुटका होते, पण शेजाऱ्याच्या श्वासाची जबाबदारी अंगावर येते. ज्याला दोन वर्षे आधी लाकूड रचून ठेवण्याचा धीर आहे, चांगल्या शेगडीवर खर्च करण्याची तयारी आहे आणि ज्याच्या आसपास निगा राखलेले रान आहे, त्याला हा व्यवहार फायद्याचा ठरतो. बाकीच्यांनी तेल भडकल्याच्या रागात लाकडाकडे धाव घेतली, तर त्यांच्या वाट्याला ऊब थोडी आणि धूर अधिक यायचा.